नव्या मडक्याची आंबील

चैत्र संपत आला की चंद्रपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मुलगा आणि सून कामावर जातात, नात कॉलेजात जाते, आणि मी खिडकीला ओलं धोतर बांधून बसते. कूलर आहे, पण तो सुरू असला की घरात कोणी आलं-गेलं कळत नाही, म्हणून बंद ठेवते. येत कोणीच नाही, ती गोष्ट वेगळी. म्हाताऱ्या माणसाला एकटं वाटतं असं लोक म्हणतात. वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि सांगण्यासारखंही फारसं नाही.

परवा अशाच दुपारी स्वयंपाकघरातून आंबट वास आला. सुनेनं इडलीचं पीठ ओट्यावर झाकून ठेवलं होतं. रात्रभरात आंबायचं ते या उन्हानं दुपारीच फुगलं आणि झाकण उचलून खाली उतरलं. मी फडकं घेऊन पुसायला गेले आणि तिथंच उभी राहिले. वास ओळखीचा होता. अगदी तोच नव्हे, त्याच्या भावकीतला म्हणा. त्या वासानं एक उन्हाळा समोर आणून उभा केला. त्याला आता साठाच्या वर वर्षं झाली.

तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. सगळा चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर. आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडं, जंगलाला लागून, धानाचं. मी चौथी पास होऊन, लग्न होऊन तिथं आले होते. घरात सासू, सासरे आणि नवरा. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो, सासऱ्यांना मामाजी. धान घरात आलं की नवरा गाडी-बैल घेऊन आलापल्लीकडं जायचा. तिकडं जंगलात साग तोडत, आणि ती लाकडं डेपोपर्यंत वाहून न्यायला गाड्या लागत. पाणी पडलं की तो परत यायचा. म्हणजे सगळा उन्हाळा घरात आम्ही तिघंच.

सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, अशी रीत होती. मामाजी समोर बसलेले असले तरी मी पदर ओढून आत्याबाईंना सांगायची, आणि आत्याबाई त्यांना सांगायच्या. "ते म्हणते का बैलाचं कुटार सरलं." मग मामाजी आत्याबाईंकडे बघून म्हणायचे, "तिले सांग, उद्या आनतो." मी तिथंच उभी असायची. मला ऐकू आलेलं असायचं. तरी आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "उद्या आनतेत." असं आमचं घर चालायचं, आणि कोणाला त्यात काही अडचण वाटत नव्हती.

त्या वर्षी चैत्रात आत्याबाईंना ताप आला आणि त्या गेल्या. मला त्या आवडत नव्हत्या. मेल्यावर माणूस आवडायला लागतं असं म्हणतात, पण माझ्या बाबतीत तसं झालं नाही. त्या तोंडानं फटकळ होत्या आणि माझ्या हातचं काही चांगलं म्हणायच्या नाहीत. पण त्या गेल्यावर घरात बोलणं बंद झालं, कारण बोलणं त्यांच्यातूनच जात होतं. ही गोष्ट मला तेरवी झाल्यावर कळली, जेव्हा पाहुणे गेले आणि मामाजी पडवीत एका टोकाला व मी चुलीपाशी दुसऱ्या टोकाला, अशी आम्ही दोघंच राहिलो.

घरात मौत झाली की मातीची भांडी ठेवत नाहीत. भाऊबंदांनी सगळी भांडी गावाबाहेर नेऊन फोडली. पाण्याचे माठ गेले, वरणाचं गाडगं गेलं, आणि आंबिलीचं मडकं गेलं. ते मडकं माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठं होतं. आतून काळंभोर, आणि ते कधी राखेनं घासलेलं मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तांदळाच्या कण्यांचं पीठ आणि मूठभर ज्वारीचं पीठ त्यात घालायचं, पाण्यात कालवायचं. तळाशी आदल्या दिवसाचं थोडं आंबवण ठेवलेलंच असायचं, दह्याला विरजण असतं तसं. सकाळपर्यंत सगळं आंबायचं. त्यातलं काढून उकळत्या पाण्यात सोडायचं, मीठ घालायचं, आणि पुन्हा तळाशी थोडं ठेवून द्यायचं. असं ते वर्षानुवर्षं एकातून एक चालत आलेलं होतं. मडकं फोडलं तेव्हा कोणाच्या मनात हे आलं नाही. माझ्याही नाही. मडकंच तर होतं.

नवरा तेरवीला आला होता. गाडी तिकडंच सोडून आलेला, त्यामुळे लगेच परत निघाला. वेशीपर्यंत मी गेले.

"बापाले सांभाळजो," तो म्हणाला. "उन्हाळा निंगाला का मंग काई नाई होत त्याले."

"मी काय बोलू त्याह्यच्याशी?"

"बोलू नको. आंबील दे."

एवढं सांगून तो गेला. सोपं काम आहे असं त्याला वाटलं, आणि मलाही.

मामाजींच्या तोंडात दात दोन-तीनच होते. उन्हाळ्यात भाकरी त्यांना चावत नव्हती आणि भात घशाखाली उतरत नव्हता. सकाळी दोन वाट्या आंबील आणि दुपारी एक, यावर त्यांचा उन्हाळा निघायचा. मी कुंभाराकडून नवं मडकं आणलं, धुतलं, पीठ कालवून ठेवलं. सकाळी पाहिलं तर पीठ खाली आणि पाणी वर, जसंच्या तसं. तरी उकळून दिलं. मामाजींनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि खाकरले. खाकरणं म्हणजे नको. एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला वास मारायला लागला. चांगला आंबट नव्हे, ओल्या कुत्र्यासारखा. पाण्यात हात घातला तर बोटांना चिकट तार आली. मी ते सांदवाडीत, घरामागच्या कुंपणात, ओतून दिलं. मडकं राखेनं खसाखसा घासलं, गरम पाण्यानं विसळलं, उन्हात वाळवलं आणि पुन्हा नवं पीठ मांडलं. पुन्हा तसंच झालं. पुन्हा फेकलं, पुन्हा घासलं. दर खेपेला मी आधीपेक्षा जास्त घासायची. शाळेत गुरुजींनी स्वच्छतेचा धडा दिला होता आणि मी त्यात हुशार होते.

शेजारी काशीबाई होती. तोंडाची सैल, मनानं बरी. कुंपणावरून तिनं विचारलं, "काऊन वो बाई, बुढा पेऊन नाई राह्यला का?"

"आंबतच नाई ना, काशीबाई. नासते."

"तुह्यी सासू जाताना घरातली आंबट बी घेऊन गेली म्हना."

हसली आणि आत जाऊन गाडग्यातलं थोडं आंबवण घेऊन आली. तिच्या घरी ताक घालून आंबवत. मी ते पिठात घातलं, आणि सकाळी आंबील खरंच आंबली होती. मला एवढा आनंद झाला की मी स्वतः वाटी घेऊन पडवीत ठेवायला गेले. मामाजींनी घोट घेतला. तोंडात धरला, गिळला. समोर अंगणात म्हशीची वगार बांधलेली होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "काशीच्या घरची आंबील आपल्या घरी काऊन आली वो?"

वगार कान हलवत उभी राहिली. मी दाराआड. मामाजींनी वाटी सरकवली. तेरवीनंतर त्या घरात मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते एका वगारीला होतं.

मग तसंच सुरू झालं. मामाजींना काही हवं असलं की ते वगारीला सांगायचे. "पान्याचा गडवा रिकामा झाला वाटते." मीही काही सांगायचं असेल तर वगारीजवळ उभी राहून सांगायची. "वैदूनं झाडपाला आनून देला म्हना, घेतेत का?" मामाजी वगारीला म्हणायचे, "वैदूले काय समजते." कोणी बाहेरच्यानं पाहिलं असतं तर हसून लोळला असता. आम्ही दोघं हसत नव्हतो. आमचं दुसरं साधन नव्हतं.

वैशाख लागला. तेंदूपत्त्याचे दिवस. उजाडायच्या आधीच गाव बिडीची पानं तोडायला जंगलात जायचं आणि ऊन चढेपर्यंत गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. अंगणात वाळत घातलेल्या मोहाचा गोड, जड वास यायचा. त्या दिवसांत मी दिवसचे दिवस माणसाशी बोलले नाही. आपला आवाज आहे की गेला, हे पाहायला कधी कधी चुलीला शिवी द्यायची.

काशीबाईच्या आंबवणाची आंबील मी फेकली होती आणि पुन्हा आपलंच पीठ मांडत, घासत राहिले होते. मामाजी रोज उतरत होते. आधी खाट विणायला बसायचे, मग बसूनच राहायचे, मग निजूनच. गळ्याची हाडं वर आली होती. मी मऊ भात केला, वरणाचं पाणी केलं, ताक मागून आणलं. दोन घोट घ्यायचे आणि खाकरायचे. काशीबाई म्हणाली, "लोकं म्हंतीन, सासू मेली अन् सुनेनं बुढा उपाशी मारला."

"लोकं म्हंतीन का तुमी म्हनान?"

"मी बी म्हनीन ना. मी का लोकात नाई का?"

ती थट्टेत बोलली, पण मला रात्रंदिवस तेच दिसत होतं. नवरा पावसाबरोबर येणार आणि खाट रिकामी असणार. लोकांचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं. पण मामाजी गेले असते तर त्या घरात मी आणि वगार, एवढंच राहिलं असतं. त्यांच्याशी मी बोलत नव्हते, तरी ते खाकरत होते. दुसऱ्या माणसाचं खाकरणं ही केवढी गोष्ट आहे, हे एकटं राहिल्याशिवाय समजत नाही.

माझी नात जंतूंचं शास्त्र शिकते. मागच्या वर्षी तिनं एका काचेच्या बशीत गोठलेली खळ आणली आणि म्हणाली, आजी, यावर बोट टेकव. मी टेकवलं. बशी ती कॉलेजात घेऊन गेली आणि काही दिवसांनी मोबाइलवर फोटो दाखवला. माझं बोट जिथं टेकलं होतं तिथं ठिपके उगवले होते. पांढरे, पिवळे, एक गुलाबी. मी म्हटलं, मी तर हात धुतले होते. ती म्हणाली, "धुतलेल्या हातावरचेच आहेत. हे तुझे राहणारे, आजी. बाकीचे येऊन-जाऊन असतात."

मग तिनं समजावलं. एका ठिपक्याभोवती मोकळं कडं होतं, तिथं दुसरं काहीच उगवलं नव्हतं. तो आपल्या अंगातून असं काही सोडतो की बाकीच्यांनी जवळ येऊ नये. दुसरा एक बारका ठिपका फक्त एका मोठ्या ठिपक्याच्या शेजारीच होता, बाकी बशीभर कुठंच नाही. तो एकटा वाढूच शकत नाही, शेजारचा जे टाकून देतो त्यावर जगतो. मी बराच वेळ पाहिलं आणि म्हटलं, ही तर आमची आळी आहे. ती हसली. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

तिला मी मडक्याचं विचारलं. कधीच कोणाला विचारलं नव्हतं. तेव्हा तिनं सांगितलं ते असं. नव्या मडक्यात, नव्या पिठात आधी कोणीही घुसतं. पिठातले, पाण्यातले, हवेतले, मातीतले. त्यांची झोंबाझोंबी चालते, म्हणून वास मारतो, तार येते. त्यातले काही जण थोडं आंबट करतात. त्या आंबटानं सडवणारे मरायला लागतात. मग ते आंबट वाढत वाढत एवढं होतं की ज्यांनी केलं त्यांनाच सोसवत नाही. तेही मागं पडतात, आणि त्याहून आंबटात तग धरणारे येतात. शेवटी जे राहतात ते एकमेकांना धरून राहतात आणि बाहेरच्याला सहसा शिरू देत नाहीत. मडक्याच्या मातीत बारीक भोकं असतात, त्यात त्यांची वस्ती होते. "तू दर वेळी घासून टाकत होतीस ना, म्हणजे दर वेळी पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. म्हणजे मी रोज गाव वसवत होते आणि रोज पेटवत होते.

हे मला साठ वर्षांनी कळलं. मामाजींना शास्त्र माहीत नव्हतं. त्यांना फक्त आठवत होतं.

त्या वैशाखात एका सकाळी मी मडकं घेऊन सांदवाडीकडं निघाले. आदल्या रात्रीचं पुन्हा नासलं होतं. मामाजी काठी टेकत पडवीच्या खांबापर्यंत आले होते. खांबाला धरून वगारीला म्हणाले, "हे पोरगी रोज फेकते अन् रोज नवीन मांडते."

मी थांबले. वगारीला म्हटलं, "वास मारते म्हना."

"मारू दे म्हना."

"तार येते म्हना. किडे पडतीन."

"बुढीनं पयल्यांदा घर मांडलं तं तिचीबी अशीच नासे. पन ते हट्टी. फेकेच नाई. त्यातच रोज पीठ घाले. घरात बसवत नव्हतं, मी बाहेर झाडाखाली निजो." थोडा दम घेतला. "मंग आपोआप बसलं. फेकू नको म्हना. घासू नको म्हना. हातानं ढवळ म्हना, पळीनं नाई. तोवर मी भाताचं पानी पेतो."

एवढं बोलल्यावर ते खाली बसले. आधी का नाही सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. रीत होती हे एक. पण मला वाटतं, बायकोनं केलेलं ते तिचंच राहावं, दुसऱ्या कोणाला जमू नये, असंही त्यांना वाटत असेल. जगायची इच्छा आणि ही इच्छा एकाच माणसात राहू शकते. मी त्यांना दोष देत नाही.

मी मडकं परत आणून चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. घासलं नाही. संध्याकाळी वरचं थोडं काढून टाकलं, नवं पीठ घातलं, आणि बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. घाण वाटली. दुसऱ्या दिवशी वास वाढला. काशीबाईनं कुंपणापलीकडून विचारलं, घरात काही मेलं का. मी म्हटलं, अजून नाही. मडकं त्याच्या पद्धतीनं सडत राहिलं आणि मी रोज त्यात हात घालत राहिले. मामाजी भाताचं पाणी कसेबसे घेत होते. वचनाला धरून पीत होते असंच म्हटलं पाहिजे, कारण चेहऱ्यावर चव नव्हती.

मग वास बदलायला लागला. कुत्र्याचा वास गेला. एके दिवशी नुसता कच्च्या पिठाचा आला, एके दिवशी कच्च्या कैरीसारखा तिखट. तार तुटली. मडक्याला कान लावला तर आत बारीक आवाज यायचा, पाऊस पडून गेल्यावर धानाच्या बांधीत येतो तसा. त्या घरात मी आणि मामाजी सोडून तिसरं काहीतरी जिवंत आहे, असं मला त्या आवाजानं वाटायचं. त्या वेळी जंतू ठाऊक नव्हते. तरी मी कान लावून बसायची.

ते बसायला लागलं तोच ऊन कडक झालं. झळेनं पाखरं झाडावरून पडत होती. मामाजी त्या सकाळी खाटेवरून उठले नाहीत. गडव्यातलं पाणी तसंच होतं. भाताचं पाणी नेलं तर डोळे उघडले नाहीत. नवऱ्याला निरोप पाठवायचा तर पोचायला किती दिवस, आणि पोचवणार कोण, गाव सगळं तेंदूला गेलेलं. मी घरात आले आणि मडक्यावरचं पान बाजूला केलं. आंबट वास आला. चांगला. स्वच्छ आंबट, नाकात जाऊन तोंडाला पाणी सुटेल असा. मी चूल पेटवली, आंबील केली, गार व्हायला परातीतल्या पाण्यात वाटी ठेवली आणि पडवीत नेली.

वगार सकाळीच चरायला सोडलेली होती. खुंट्याला नुसती दोरी होती.

मी वाटी घेऊन खाटेजवळ उभी राहिले. मी खाकरून पाहिलं, बांगड्या वाजवून पाहिल्या. ते हलले नाहीत. मग मी पदर मागं सारला, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि म्हटलं, "मामाजी, आंबील."

लग्नानंतर त्यांच्याशी बोललेले माझे ते पहिले शब्द. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. मी वाटी ओठाला लावली. पहिला घोट त्यांनी तोंडात धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, आता थुंकतात. गिळला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि वाटी स्वतःच्या हातात घेऊन रिकामी केली.

"अजून दे," ते म्हणाले. मला म्हणाले.

मी अजून दिली. तीही ते प्याले. मिशीला लागलेलं मनगटानं पुसलं आणि रिकाम्या वाटीत बघत राहिले.

"हे तिची नाई," ते म्हणाले.

"नाई," मी म्हटलं.

"चांगली आंबली. पन तिची नाई." मग वाटी माझ्या हातात दिली, तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाले, "बुढी गेली."

आत्याबाईंना जाऊन महिना उलटून गेला होता. मौतीच्या दिवशी, तेरवीला, पाहुण्यांत, कधीच हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. त्यांच्या खांद्याचं हाड वर-खाली होत होतं. मी हात लावला नाही. तसली जवळीक आमच्यात नव्हती आणि पुढंही झाली नाही. तो उन्हाळा त्यांनी काढला, त्यानंतरचेही काढले.

मी आत आले. मडक्यात संध्याकाळसाठी तळाशी आंबवण ठेवलं, चुलीवरच्या गंजात उरलेली आंबील वाटीत ओतून घेतली आणि चुलीपाशी बसले. रोज कालवत होते, रोज वास घेत होते, पण चाखून पाहिली नव्हती. बाहेर ऊन वाजत होतं. गावात कोणी नव्हतं. मी घोट घेतला. आत्याबाईंच्या आंबिलीला एक धुराची, थोडी कडसर चव होती. मी ती जिभेवर शोधली. सगळी वाटी संपेपर्यंत शोधली. कुठंच नव्हती. आंबील चांगली होती. मीठ जरा कमी पडलं होतं, आणि ते सांगणारं घरात आता कोणी नव्हतं.